शेवटून पहिला

नंबर काढणं हाच त्याचा धंदा. गिऱ्हाईक आलं की चष्मेवाला त्याला उंच खुर्चीत बसवायचा, नाकावर ती जड गोल चौकट चढवायचा, समोरच्या तक्त्यामागचा दिवा लावायचा आणि एकामागून एक काचा सरकवत विचारायचा, "हे बरं, की हे?" मग पुन्हा, "आता? हे बरं, की आधीचं?" बहुतेक माणसं थोड्याच वेळात गांगरून जात आणि सुटका करून घ्यायला म्हणत, "दोन्ही सारखंच दिसतंय हो." ह्या वाक्याची त्याला मनस्वी चीड होती. "सारखं कधी नसतंच," तो म्हणायचा. "नीट बघा. एक काहीतरी उजवं असतंच."

शटर ओढल्यावरही ही सवय काही सुटत नसे. आजचा चहा बरा की कालचा, ही उशी बरी की ती. त्याची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि दिवसभर सुया टोचून आलेल्या माणसाला असतो तेवढाच संयम तिला होता. एकदा तिनं विचारलं, "लग्नाआधी मलाही असंच कुणाशेजारी ठेवून बघितलं होतंस का रे?" ह्यावर शहाण्या माणसानं लगेच 'छे' म्हणायचं असतं. हा विचारात पडला. पुढे बरेच दिवस त्याला चहा स्वतःच्या हातानं करून प्यावा लागला, आणि तुलनेला दुसरा चहाच नसल्यामुळे त्याचे फार हाल झाले.

पण चहा, उशा हा सगळा नुसता सराव. त्याची खरी क्रमवारी वेगळी होती, आणि ती बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलपात होती.

'अंधारवाट' नावाच्या व्हिडिओ गेमचे अकरा भाग निघाले होते. एक मुका पोरगा, त्याच्या हातात कंदील आणि काळोखात बुडालेलं एक राज्य. दर भागात राज्य नवं, काळोख तोच. पहिला भाग त्याच्या हातात आला तेव्हा त्याला मिसरूड फुटायची होती. अकरावा आला तेव्हा टाळू दिसायला लागली होती. लोक ज्या कपाटात पाहुण्यांसाठीच्या कपबशा ठेवतात, तिथे ह्यानं हे गेम मांडले होते. निघाले त्या क्रमानं नव्हे, योग्यतेच्या क्रमानं. सगळ्यात वरच्या फळीवर डावीकडे सर्वश्रेष्ठ, मग उतरती भाजणी. नवा भाग निघाला की सगळी मांडामांड नव्यानं व्हायची. त्या दिवशी घरात कुणी त्याच्याशी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नसे.

कपाटात मात्र दहाच गेम होते. अकरावं स्थान ज्याला मिळालं होतं, तो नववा भाग, 'मिठाची वाट', त्याची फळीवर बसायचीही लायकी नव्हती. वर्गात असतो तसा तो शेवटून पहिला. त्याच्या संगतीनं बाकीचे बिघडतील की काय अशी भीती! बरं, फेकायचा तरी कसा? अंधारवाटच ती शेवटी. पण जगात न फेकवणाऱ्या वस्तूंसाठी एक सोय आधीपासून आहे, तिला आईचं घर म्हणतात. गेमचं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं यंत्र, त्याचे दोन्ही कंट्रोलर आणि नववा भाग असं सगळं एका खोक्यात घालून तो पलीकडच्या गल्लीत आईकडे गेला आणि तिच्या पलंगाखाली, आपल्याच व्यायामाच्या सायकलीशेजारी, ढकलून आला. "राहू दे इथं. लागलं तर नेईन." हे वाक्य आई तो कॉलेजात असल्यापासून ऐकत होती. आता पलंग त्या सामानावरच टेकलेला होता, पायांवर नव्हे.

हे झालं खेळांचं. आता मुंगीचं.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. चालायला लागल्यापासून घरातली कुठलीही वस्तू उचलून कुठेही नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. ती अगदी तान्ही होती तेव्हा पाळण्यात म्हणून झोपत नसे. तिला माणूसच लागायचं. बायको दमून आडवी झाली की तो मुंगीला छातीवर घेऊन रेलायचा आणि आवाज बंद करून सहावा भाग खेळायचा. दरीवरून उडी मारायची वेळ आली की त्याचा श्वास अडायचा, आणि गंमत म्हणजे छातीवरचा तो इवलासा श्वासही तेवढ्यापुरता अडायचा. उडी जमली की दोघं एकदम सुस्कारा सोडत. हनुवटीखाली तिचं ते दुधाचा वास येणारं टाळकं. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, हिच्या हातात हिचा पहिला खेळ मीच देणार, आणि देऊन उठून जाणार नाही, शेजारी बसणार.

वय ठरलं आठ. तोवर कपाटाला कुलूप. "पहिला खेळ आयुष्यात एकदाच मिळतो," तो बायकोला समजवायचा. "चुकीचा मिळाला की कायमची चव बिघडते."

"पहिला नवरापण एकदाच मिळतो," बायको म्हणायची. "चालवून घेतंच माणूस."

आणि आता आठवा वाढदिवस पुढच्या रविवारवर येऊन ठेपला होता, आणि दहांतला कुठला द्यायचा हे काही ठरत नव्हतं. तेव्हा मंडळ बोलावणं भाग होतं.

मंडळ म्हणजे तिघं. एक तो स्वतः. दुसरा वकील, शाळेपासूनचा मित्र. तिसरा साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा, ज्याचं फरश्यांचं दुकान होतं आणि ज्याच्याशी एरवी त्याचं कशावरच पटलं नसतं. मंडळाचा नियम एकच, निर्णय एकमतानं. "बहुमतानं सरकारं येतात," वकील म्हणायचा. "अंधारवाट नाही."

वाढदिवसाच्या आदल्या रविवारी सकाळी बंद दुकानात तिघं बसले. वकिलानं तपासणीची उंच खुर्ची पटकावली, कारण उंचावरून बोलल्याशिवाय त्याला बोलल्यासारखं वाटत नसे.

"ह्यात वाद कसला?" तो म्हणाला. "सुरुवात सुरुवातीपासून. पहिला भाग."

"वकीलसाहेब, पहिल्या भागात हिरो म्हणजे चार चौकोन," साडू म्हणाला. "पोरगी म्हणेल, काकांच्या दुकानातली फरशी उठून चालायला लागली. अकरावा द्या साडूसाहेब. काय ते पाणी, काय ते ढग!"

"अकराव्यात हिरो बोलतो," चष्मेवाला हळूच म्हणाला.

दोघांचे चेहरे उतरले. घरातून पळून गेलेल्या मुलाचं नाव कुणी चुकून काढावं, तसे. दहा भाग मुका राहिलेला पोरगा अकराव्या भागात तोंड उघडतो हे दुःख तिघांचंही होतं.

"आणि बोलून बोलतो काय," वकील कडवटपणे म्हणाला, "तर 'चला, पुढे जाऊ या'. अरे, जातच होतो की!"

मग चष्मेवाल्यानं आपली पद्धत काढली. दिवा मालवला, ती चौकट साडूच्या नाकावर चढवली.

"काचेतून काय दिसणार? गेम तर घरी आहेत."

"एकाग्रता होते. डोळे मिटा. चौथा बरा की सातवा?"

"सातवा."

"आता? सातवा की दुसरा?"

"दुसरा."

"दुसरा की चौथा?"

"चौथा."

"मगाशी सातवा म्हणालात!"

"मगाशी चौकट नाकात रुतत नव्हती!"

असं तास-दीड तास चाललं. मधे एकदा वकिलानं साडूची अक्कल फरशीसारखीच गुळगुळीत असल्याचं सांगितलं, आणि साडूनं वकिलाला शेवटची केस कधी जिंकलात असं विचारलं. प्रकरण हातघाईवर येणार असं दिसताच चष्मेवाल्यानं नेहमीचा उपाय केला. "काही असो," तो म्हणाला, "नववा तर नाही ना द्यायचा?"

"नववा! शिव शिव!" दोघं एका सुरात म्हणाले, आणि तिघांचे चेहरे उजळले. एकीसाठी माणसाला नावडतीचा असा आधार लागतो.

"राज्य बुडतंय आणि हा गाढव मिठाची पोती वाहतोय," साडू म्हणाला. "तलवार नाही, ढाल नाही. नुसता डोंगर चढा."

"आणि ते खेचर!" चष्मेवाला म्हणाला.

"खेचराचं नाव काढू नका. जेवण जाणार नाही," साडू म्हणाला.

"आणि शेवट तर..." वकील अर्थपूर्ण थांबला.

"शेवटाबद्दल बोलायलाच नको," साडू म्हणाला.

"नकोच," चष्मेवाला जरा घाईनंच म्हणाला.

चहा झाला. मनं निवली. साडूला घरून जेवायला बोलावणारे फोन येऊ लागले तसा तो चौथ्याला कबूल झाला. वकिलानं आपली हरकत आहे असं मोठ्यानं म्हणून मान डोलावली. ठरलं. चौथा भाग, 'समुद्राखालची घंटा'.

वाढदिवसाच्या दुपारी मुंगीच्या मैत्रिणी केक खाऊन आणि फुगे फोडून पांगल्या. राहिली घरची माणसं. बायको कागदी थाळ्या गोळा करत होती. आई खुर्चीत बसून पायांना तेल चोळल्यासारखी हातानंच गुडघे चोळत होती. सोफ्यावर मंडळ इस्त्रीचे शर्ट घालून, मुलगी बघायला आल्यासारखं अवघडून बसलं होतं. चष्मेवाल्यानं कुलूप काढलं. चकचकीत कागदात बांधलेला चौथा भाग दोन्ही हातांनी उचलून मुंगीला दिला, तिनं कागद सोडला. मुंगीला टीव्हीसमोर बसवलं, स्वतः शेजारी मांडी घातली. आठ वर्षं ज्या जागेची वाट पाहिली होती, ती ही एवढीशी सतरंजी.

"हे बघ, हा अंगठा इथे ठेवायचा आणि..."

अंगठा तिथेच होता. दुसराही. मुंगीनं कंदील पेटवला, पायरी उतरली, दार ढकललं.

"रक्तातच आहे!" तो भारावून म्हणाला.

"रक्तात असलं काही नसतं," बायको थाळ्यांच्या आडून म्हणाली. "मी रोज बघते."

मुंगी थोडं चालली. थांबली. मागे वळून पाहिलं, म्हणजे पडद्यावरच्या पोरानं पाहिलं. मग तिनं विचारलं, "बाबा, खेचर कुठंय?"

"कुठलं खेचर?"

"सामानाचं."

"ह्याच्यात खेचर नसतं, बाळा."

"मग सामान कोण उचलतं?"

"हिरो."

"ह्या सगळ्या तलवारी? आणि ही ढाल, आणि हे दोन हातोडे?"

"हो."

"कुठे ठेवतो?"

तिघा तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मंडळापुढे आला नव्हता.

"खिशात," साडू म्हणाला.

मुंगीनं त्याच्याकडे मोठ्या माणसांकडे बघायच्या नजरेनं पाहिलं. थोडं अजून खेळली, समोर आलेल्या दोन राक्षसांना मारलं, मग कंट्रोलर अगदी जपून खाली ठेवला. "छान आहे हं, बाबा," ती म्हणाली. पाहुण्यांनी आणलेल्या मोठ्या मापाच्या फ्रॉकला म्हणते त्याच आवाजात. "आता तू खेळ. मी आजीकडे जाऊ? आमचं मीठ राहिलंय, दुसऱ्या खेपेचं."

खोलीत फक्त घंटेचा आवाज येत होता, समुद्राखालून.

"कसलं मीठ?" त्यानं विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

"अरे, ते तुझं खोकं," आई म्हणाली. "पावसाळ्याआधी पलंगाखालचं झाडायला काढलं. हिनं बघितलं. शाळेतून आल्यावर तू येईपर्यंत पोरीनं करायचं काय? वायरी हिनंच जोडल्या. मी आपली खेचर होते."

"तू खेचर होतेस?"

"दुसऱ्यानं खेचर व्हायचं असतं," मुंगी म्हणाली. "खोक्यावरच लिहिलंय की, दोघांनी खेळायचा खेळ. आजी फार भारी खेचर आहे."

"मला कुणी शिकवायची गरजच पडली नाही," आई म्हणाली. "सामान घ्यायचं आणि मागून चालायचं. जन्मभर दुसरं काय केलं?"

साडू कपाळाला हात लावून बसला होता. "कोऱ्या पाटीवर पहिली रेघ... नवव्याची!"

"गंभीर आहे," वकील म्हणाला.

"काका, शेवटी तुम्ही ड्रॅगनला काय उत्तर दिलं होतं?" मुंगीनं उत्साहानं विचारलं. "हो म्हणालात की नाही?"

वकिलानं घसा साफ केला. साडू पंख्याकडे बघू लागला. चष्मेवाल्यानं चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला, जे तो गिऱ्हाइकांना कधीच करू देत नसे.

"ड्रॅगन प्रश्न विचारतो?" शेवटी साडू पुटपुटला.

"म्हणजे तुम्ही पोचलाच नाहीत?"

"पुलावर ते खेचर बसतं ना," वकील म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खुर्चीवरून उतरलेल्या माणसाचा होता. "मधोमध. उठतच नाही. गेममधला दोष आहे तो. सगळेच म्हणतात. मला वाटलं हे दोघं पुढे गेले असतील."

"मला वाटलं तुम्ही गेलात!" साडू म्हणाला. "तुम्हीच 'शेवट तर...' म्हणून थांबायचात!"

"अरे, मी थांबायचो कारण पुढे माहीत नव्हतं!"

दोघांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो काच पुसतच राहिला.

"दमतं म्हणून बसतं रे," आई म्हणाली. "बसलं की बसू द्यायचं. आम्ही तेवढ्यात दूध गरम करून प्यायलो. आलो तर उभं."

वर्षानुवर्षं तीन सुशिक्षित माणसांनी त्या पुलावर, आपापल्या घरी, एकेकट्यानं, 'चल'चं बटण झिजेपर्यंत दाबलं होतं. दूध प्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मुंगी आजीचं बोट धरून गेली. मंडळ केकचा एकेक तुकडा कागदात बांधून, मान खाली घालून गेलं. चष्मेवाल्यानं चौथा भाग कपाटात परत ठेवला आणि सतरंजीकडे पाठ करून बसला.

"सात दुकानं फिरून कागद आणला होता बांधायला," तो म्हणाला.

बायको टेबलावरचं क्रीम खरवडत होती. तिला हसू येत होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते फडक्यात गुंडाळलं. जवळ आली, त्याच्या टाळूवर क्रीमचं बोट टेकवलं.

"एक सांग. तुला तिला चांगला खेळ द्यायचा होता, की तिच्या शेजारी बसायचं होतं?"

"दोन्ही."

"असं नाही. हे बरं, की ते?"

"दोन्ही सारखंच आहे गं."

"सारखं कधी नसतंच," बायको म्हणाली. "नीट बघ."

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंनी तीनदा "सारखंच दिसतंय" म्हटलं आणि तो एकदाही चिडला नाही. बाईंना वाटलं, तब्येत बरी नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीला शटर ओढलं, पण घरी न जाता तो पलीकडच्या गल्लीकडे वळला.

आईचं दार लोटलेलंच होतं. आत पलंगाला पाठ टेकून दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मुंगी शाळेच्या कपड्यांतच होती, एक मोजा पायात, एक कुठेतरी वाहून नेलेला. आईच्या नाकावर त्यानंच बनवून दिलेला चष्मा, आणि त्यातून ती अशा डोळ्यांनी पडद्याकडे बघत होती की आपण एवढा चांगला नंबर काढला होता हे त्याला आजच कळलं. पडद्यावर करडा डोंगर, वाकडी वाट. पुढे कंदीलवाला पोरगा, मागे पोती लादलेलं खेचर. कुणी कुणाला मारत नव्हतं. वारा वाहत होता. दोघी अधूनमधून बोलत होत्या, आणि ते मिठाबद्दल नव्हतं, वर्गातल्या एका मुलीबद्दल होतं, जी हल्ली हिच्या बाकावर बसत नाही. हे त्यानं घरी ऐकलं नव्हतं.

तो दारात उभा राहिला. कंट्रोलर दोनच होते.

"आलास?" आई न वळता म्हणाली. "धर हे. माझे गुडघे आखडलेत. भात लावायचाय."

"अगं, राहू दे, तुमचा चाललाय तर..."

"धर म्हणते ना. खेचराला नखरे नसतात."

तो बसला. मुंगीनं त्याला जागा करून दिली, पण संशयानं. "बाबा, पळायचं नाही हं."

"नाही पळत."

तो पळाला. सवय हो! एक पोतं दरीत गेलं.

"बाबा!"

"सॉरी, सॉरी. आता?"

"माझ्या मागे राहा. मी थांबले की थांब. आणि वाट मी शोधणार, तू सांगायची नाही."

वाट डावीकडून होती, त्याला स्पष्ट दिसत होती. त्यानं जीभ दाताखाली धरली. मुंगी उजवीकडे गेली, चुकली, परत आली, आणि तो पोती घेऊन निमूटपणे मागे चालला. खिशात फोन वाजला. मंडळाच्या गटावर वकिलाचा निरोप असणार, नवव्याच्या स्थानाला तूर्तास स्थगिती द्यावी वगैरे. दोन्ही हात गुंतलेले होते.

मग तो पूल आला. मधोमध त्याच्या खेचराचे पाय वाकले. इतक्या वर्षांचा अंगठा आपोआप 'चल'वर गेला.

"नाही," मुंगी म्हणाली, आणि त्याचा अंगठा उचलून बाजूला ठेवला. "दमलंय ते."

बसले. आत कुकरचं झाकण लागल्याचा आवाज झाला. मुंगी हळूहळू कलंडत त्याच्या दंडाला टेकली, मग दंडावरून काखेत सरकली. टाळक्याला आता दुधाचा वास नव्हता, खोडरबराचा होता. पडद्यावर खालून नदी वाहत होती आणि काहीही घडत नव्हतं.

"ड्रॅगन काय विचारतो गं?" त्यानं विचारलं.

"सांगणार नाही. चालत ये."

"बरं." थोड्या वेळानं त्याला राहवलं नाही. धंदाच तसा. "मुंगे, खेचर कोण बरं? आजी की मी?"

ती एका क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "आजी." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून बोटांवर काहीतरी जुळवलं आणि समजावून सांगितलं, "पण तू दुसरा आहेस, बाबा. म्हणजे शेवटून पहिला."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बरोबर आहे."

चष्मेवाल्यानंही मान डोलावली. एकमत झालं, आणि पुलावरचं खेचर उठून उभं राहिलं.